एकमताविना साठवण

एप्रिल १९८५ मध्ये मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांचा नऊ पानांचा एक शोधनिबंध ‘जर्नल ऑफ द एसीएम’मध्ये छापून आला आणि जाळ्याने जोडलेल्या संगणकांचा अभ्यास करणाऱ्यांच्या उमेदीवर त्याने पाणी ओतले. त्याचा निष्कर्ष असा होता: निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि जोडलेल्या संगणकांपैकी फक्त एक जरी मध्येच बंद पडू शकत असेल, तर साध्या हो-नाहीच्या प्रश्नावरही उरलेल्यांचे हमखास एकमत घडवून आणणारी ठरीव कार्यपद्धती असूच शकत नाही. याच्या मुळाशी एक न फिटणारा संशय आहे. पलीकडून उत्तर येत नाही म्हणजे तो संगणक बंद पडला आहे, की त्याचा निरोप वाटेत रेंगाळला आहे, हे अलीकडच्याला कळायला मार्ग नसतो. थांबावे तर कदाचित कायमचे थांबावे लागेल, आणि पुढे जावे तर मागाहून आलेला निरोप सगळा निर्णय उलटवू शकेल. या विषयाचा इतिहास सांगताना इथून सरळ पुढची उडी मारण्याची प्रथा आहे. १९८५ साली भिंत उभी राहिली, लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘पॅक्सोस’ या एकमताच्या पद्धतीने तिला वळसा घातला, गूगलने ते मोठ्या पसाऱ्यावर वापरले आणि आजचे ‘क्लाउड’ उभे राहिले, अशी ती कथा. ती खोटी नाही, पण तिच्यात एक मोठी गल्लत आहे. अनेक संगणकांचे एकमत होणे ही एक गोष्ट आणि त्या संगणकांनी मिळून माहिती नीट सांभाळणे ही दुसरी. दुसरीला पहिलीची गरज नाही, हे १९९० साली सिद्ध झाले. बिघाड पचवणाऱ्या सामायिक साठवणुकीचा इतिहास त्या सिद्धतेभोवती मांडला, तर आधीच्या आणि नंतरच्या पुष्कळ घटनांचा अर्थ अधिक सरळ लागतो, असे माझे म्हणणे आहे.

प्रश्न मुळात डिस्कपासून सुरू झाला. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि हॉवर्ड स्टर्जिस हे दोघे एका अगदी साध्या दिसणाऱ्या अडचणीशी झगडत होते. डिस्कवर एखादे पान लिहिले जात असतानाच वीज गेली, तर ते पान ना जुने राहते ना नवे होते. त्यात मजकूर असतो, पण तो कुणाचाच नसतो. त्यांनी प्रत्येक पानाच्या दोन प्रती ठेवल्या आणि लिहिण्याचा क्रम ठरवून दिला. पहिली प्रत पूर्ण लिहायची, परत वाचून ती बरोबर उतरली आहे याची खात्री करायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. मग वीज कुठल्याही क्षणी गेली तरी दोनपैकी एक प्रत शाबूत राहणारच. यंत्र पुन्हा सुरू झाले की दोन्ही ताडून पाहायच्या: एक बिघडलेली असेल तर दुसरीवरून ती दुरुस्त करायची, दोन्ही चांगल्या पण वेगवेगळ्या असतील तर पहिली नवी धरायची. या पद्धतीवरचा त्यांचा निबंध १९७६ पासून हस्तलिखिताच्या रूपात संशोधकांच्या हातोहात फिरला. त्या दोघांनी तो रीतसर कधी छापलाच नाही. त्याच सुमारास १९७४ मध्ये जेम्स ट्रायबिग यांनी टँडेम कंपनी काढली आणि बँकांसाठी कधीही न थांबणारी यंत्रे बांधायला घेतली. तिथेही जोडीच होती: काम करणारी एक प्रक्रिया आणि तिच्या मागे, प्रत्येक महत्त्वाच्या पायरीची खबर ठेवून, तिची जागा घ्यायला तयार असलेली दुसरी.

एकाच कपाटात, पक्क्या तारांनी जोडलेल्या यंत्रांत ही जोडी उत्तम चालते, कारण जोडीदार जिवंत आहे की नाही हे तिथे बऱ्याच खात्रीने सांगता येते. पण दोन प्रती दोन शहरांत ठेवा आणि मधली तार तुटू द्या. दोन्ही यंत्रे चालू आहेत, दोघांनाही दुसरा मेला असे वाटते आहे, आणि दोघेही स्वतःला मालक समजून नव्या नोंदी घेऊ लागतात. तार जोडली जाते तेव्हा दोन वेगळे इतिहास समोरासमोर उभे ठाकतात. हे टाळायचे म्हणून दोन्ही प्रतींवर लिहिले गेल्याशिवाय पुढे जायचे नाही असा नियम केला, तर एक यंत्र पडताच सगळे काम ठप्प होते. म्हणजे दुसरी प्रत ठेवून आधार वाढला नाही, अडायच्या जागा तेवढ्या दुप्पट झाल्या. दोन प्रतींचे गाडे इथे अडते आणि नुसती शिस्त वाढवून ते सुटत नाही.

सुटका झाली ती मोजणीने. १९७९ या एकाच वर्षात दोन ठिकाणी ती सुचली. अर्पानेट या संगणकजाळ्याची जोडणीयंत्रे बांधणाऱ्या बीबीएन कंपनीत रॉबर्ट थॉमस यांनी प्रतींच्या बहुमतावर आधारलेली पद्धत मांडली आणि झेरॉक्सच्याच केंद्रात डेव्हिड गिफर्ड यांनी प्रतींना मतांचे वजन देणारी. गिफर्ड यांचा नियम एका वाक्यात सांगता येतो: वाचताना जितकी मते घ्यायची आणि लिहिताना जितकी घ्यायची, त्यांची बेरीज एकूण मतांपेक्षा जास्त असली पाहिजे. पाच प्रती असतील, लिहिणारा तिघांपाशी लिहून येत असेल आणि वाचणारा तिघांना विचारत असेल, तर त्या दोन त्रिकुटांत निदान एक यंत्र सामाईक असणारच, मग ती कुठलीही तीन असोत. या सामाईक यंत्राला आपण सामाईक आहोत हे माहीत असण्याचीही गरज नाही. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक दिला की वाचणारा तीन उत्तरांतले मोठ्या क्रमांकाचे उचलतो, झाले. विश्वास कुठल्या एका यंत्रावर न ठेवता तो दोन बहुमतांच्या छेदावर ठेवण्याची ही कल्पना मला या सबंध इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. मात्र गिफर्ड यांची पद्धत कुलपांवर आणि व्यवहारांवर उभी होती. वाचताना किंवा लिहिताना नोंदीला कुलूप लागे, आणि कुलूप लावून एखादा संगणक बंद पडला की ते कुणी, केव्हा काढायचे हा प्रश्न उरे. कुलूप लावणारा मेला आहे की मंद आहे? म्हणजे १९८५ च्या निबंधातला संशय मागच्या दाराने परत घरात येत होता.

दरम्यान आणखी एक गोष्ट पक्की होत होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: सामायिक साठवणुकीने नेमके वचन काय द्यायचे, याची व्याख्या. लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की वेगवेगळ्या संगणकांना मिळून ‘आत्ता’ असा एक क्षण नसतो; कोण आधी आणि कोण नंतर हे निरोपांच्या साखळीवरूनच ठरते. १९८६ मध्ये त्यांनी सामायिक नोंदीच्या तीन पायऱ्या मांडल्या. सर्वांत खालच्या पायरीवर, लिहिणे चालू असतानाच कुणी वाचले तर त्याला काहीही मिळू शकते. मधल्या पायरीवर त्याला जुने किंवा नवे यांपैकी एक मिळते, पण एकाला नवे मिळाल्यावर त्याच्या मागून वाचणाऱ्याला पुन्हा जुने मिळू शकते. सर्वांत वरच्या पायरीवर हे मागे जाणेही बंद होते. प्रत्येक वाचन आणि लेखन जणू एकेका क्षणात, एकापाठोपाठ एक घडले असे वाटावे इतके सगळे सुसंगत दिसते. १९९० मध्ये मॉरिस हर्लिही आणि जेनेट विंग यांनी ही वरची पायरी नोंदीपुरती न ठेवता कुठल्याही सामायिक वस्तूला लागू केली. व्याख्या करणे हे अनेकांना कोरडे काम वाटते. पण ‘साठवण बरोबर चालते’ याचा अर्थ ठरला नसता, तर ती एकमताविना चालते की नाही हा प्रश्न विचारताच आला नसता.

तो प्रश्न विचारून त्याचे उत्तर दिले हागित अत्तिया, अमोत्झ बार-नॉय आणि डॅनी डोलेव्ह या तिघा इस्रायली संशोधकांनी. त्यांचा निबंध १९९० मध्ये परिषदेत वाचला गेला आणि १९९५ मध्ये सविस्तर छापला गेला. अभ्यासक त्याला तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘एबीडी’ म्हणतात. त्याची युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. क, ख, ग, घ, च असे पाच सर्व्हर घ्या. सर्वांपाशी सहाव्या क्रमांकाची नोंद आहे. लिहिणारा सातवी नोंद पाचही जणांकडे पाठवतो आणि कुठल्याही तिघांची पोच आली की काम झाले असे समजतो. समजा, सातवी नोंद सध्या फक्त ‘क’ला पोहोचली आहे, बाकीचे निरोप वाटेत आहेत. एवढ्यात पहिला वाचक क, ख, ग या तिघांना विचारतो, त्याला सात, सहा, सहा अशी उत्तरे मिळतात आणि तो सातवी नोंद घेऊन जातो. त्याच्या मागून दुसरा वाचक येतो. त्याला ख, ग, घ यांची उत्तरे मिळतात, तिन्ही सहा. पहिल्याला नवे मिळाले आणि नंतर आलेल्याला जुने. वरच्या पायरीचे वचन मोडले. यात कुणीही चूक केलेली नाही, कुठलेही यंत्र बंद पडलेले नाही, बहुमताचा हिशोबही बरोबर आहे, आणि तरी वचन मोडले आहे. म्हणूनच बहुमत ही अर्धीच गोष्ट आहे असे म्हणावे लागते.

उरलेली अर्धी अशी की वाचणाऱ्यानेही लिहायचे. पहिल्या वाचकाला सातवी नोंद सापडली की ती घेऊन तडक निघून जायचे नाही. आधी ती स्वतः सर्वांकडे पाठवायची, तिघांची पोच मिळवायची आणि मगच उत्तर हाती घ्यायचे. आता सातवी नोंद निदान तिघांपाशी पक्की झाली, आणि मागून येणारा वाचक कुठल्याही तिघांना विचारो, त्यांतला एक तरी सात सांगेलच. सर्व्हरसाठी एकच नियम: हातात असलेल्यापेक्षा मोठ्या क्रमांकाची नोंद आली तर ती ठेवायची, लहान क्रमांकाची आली तर पोच द्यायची पण ठेवायची नाही. सगळी सुरक्षितता या नियमात आहे. वाटेत रेंगाळलेला निरोप दोन दिवसांनी पोहोचला तरी तो काहीच बिघडवू शकत नाही, कारण क्रमांक फक्त चढतात. कुलूप नाही, त्यामुळे ते कुणी काढायचे हा प्रश्न नाही. कुणा एका ठरावीक यंत्राची वाट पाहायची नाही, त्यामुळे ते मेले की मंद आहे हे जाणून घ्यायची गरज नाही. पाचपैकी दोन पडले तरी उरलेले तीन पुरतात आणि प्रत्येक वाचन-लेखन पूर्ण होतेच. पुढे १९९७ मध्ये नॅन्सी लिंच आणि अलेक्झांडर श्वार्ट्समन यांनी अनेक लिहिणाऱ्यांसाठीही हे बसवले: लिहिण्याआधी बहुमताला सर्वांत मोठा क्रमांक विचारायचा, त्याच्या पुढचा आपण घ्यायचा, आणि दोघांचा क्रमांक सारखाच आला तर लिहिणाऱ्याच्या ओळखक्रमांकावरून वर-खाली ठरवायचे.

१९८५ ची भिंत इथे तुटलेली नाही. साठवणुकीचा रस्ता तिच्यावरून जातच नव्हता, एवढेच दिसून आले. एकमतात काहीतरी कायमचे ठरवावे लागते, आणि ठरल्यावर आलेला निरोप ते उलटवू शकतो म्हणून तो धोकादायक असतो. नोंद सांभाळण्यात असे ठरवणे नसते. लिहिणे चालू असताना वाचणाऱ्याला जुने मिळाले काय किंवा नवे मिळाले काय, दोन्ही चालते. अट फक्त मागे न जाण्याची. हर्लिही यांनी १९९१ मध्ये याची दुसरी बाजू उजेडात आणली: नुसत्या वाचता-लिहिता येणाऱ्या नोंदी कितीही घ्या, एकमेकांसाठी न थांबता काम करणाऱ्या दोन प्रक्रियांचेसुद्धा एकमत त्यांच्यातून घडवता येत नाही. म्हणजे साठवण आणि एकमत ही एकाच गोष्टीची दोन नावे नव्हेत. त्यांच्या ताकदीत खरोखरच पायरीचा फरक आहे. २०११ मध्ये एबीडीला या क्षेत्रातले डाइक्स्ट्रा पारितोषिक मिळाले, तोवर एकवीस वर्षे लोटली होती.

साठवणुकीला एकमत लागत नाही या मांडणीवर पहिला आक्षेप कामाच्या माणसांकडून येतो. कागदावर काहीही असो, प्रत्यक्षात जग पॅक्सोसवर आणि त्याच्या भावंडांवर चालते. हे खरे आहे. पॅक्सोसची कथाही विलक्षण आहे. लॅम्पोर्ट यांनी ते एका ग्रीक बेटावरच्या कल्पित संसदेची पुराणकथा म्हणून लिहिले, व्याख्याने देताना इंडियाना जोन्सचा वेष घातला, आणि १९९० मध्ये दिलेला निबंध छापून यायला मे १९९८ उजाडला. परीक्षकांना तो फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता आणि बेटाची कथा काढून टाका असे त्यांचे म्हणणे होते, हे लॅम्पोर्ट यांनीच लिहून ठेवले आहे. एमआयटीत ब्रायन ओकी आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८८ मध्येच स्वतंत्रपणे जवळजवळ त्याच ठिकाणी मजल मारली होती. पण पॅक्सोस पहिल्यांदा प्रत्यक्षात वापरले गेले तेव्हा ते कशासाठी, हे पाहिले पाहिजे. १९९६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात एडवर्ड ली आणि चंद्रमोहन थेक्कथ यांनी ‘पेटल’ ही सामायिक डिस्कयंत्रणा बांधली. तिच्यात कुठले सर्व्हर सभासद आहेत आणि कुठला भाग कुठे आहे, एवढी चिमूटभर माहिती पॅक्सोसकडे होती. खुद्द डेटा वेगळ्या, साध्या पद्धतीने दोन प्रतींत ठेवला जाई. २००३ मध्ये गूगलने आपल्या फाइल यंत्रणेची माहिती प्रसिद्ध केली, तिच्यातही ६४ मेगाबाइटचे तुकडे तीन-तीन सर्व्हरवर आणि त्यांचा नकाशा एका मुख्य संगणकाकडे, अशीच विभागणी होती. २००६ मध्ये माइक बरोज यांनी वर्णन केलेली ‘चबी’ ही गूगलची पॅक्सोसवर चालणारी सेवा तर मुद्दाम लहान फायली आणि कुलपे सांभाळण्यासाठीच होती. बांधणाऱ्यांनी एबीडी वाचून हे केले असा माझा दावा नाही. पण एकमत महाग आणि नाजूक आहे, ते थोडक्या जागी ठेवावे आणि साठवणुकीच्या मोठ्या ओझ्यापासून दूर ठेवावे, हे त्यांना अनुभवाने कळले होते. २००७ मध्ये तुषार चंद्रा आणि त्यांच्या गूगलमधल्या सहकाऱ्यांनी लिहिलेच आहे की कागदावर पानभर जागेत मावणारे पॅक्सोस प्रत्यक्षात उतरवताना सी प्लस प्लसच्या काही हजार ओळी झाल्या.

त्यातही एक जवळीक लक्षात घेण्याजोगी आहे. पॅक्सोसची चाल एबीडीसारखीच आहे: आधी बहुमताला विचारायचे, मग बहुमतापाशी लिहायचे. फरक एका जागी पडतो. पॅक्सोसमध्ये सर्व्हर मोठ्या क्रमांकाला शब्द दिल्यावर लहान क्रमांकाला नकार देतो. मग नाकारलेला आणखी मोठा क्रमांक घेऊन येतो, तो पहिल्याला मागे सारतो, आणि दोघे एकमेकांना असेच अनंत काळ ढकलत राहू शकतात. १९८५ ची भिंत नेमकी इथे लागते, आणि एक पुढारी निवडून प्रतिस्पर्ध्यांना गप्प बसवल्याखेरीज तिथून पुढे सरकता येत नाही. एबीडीत कुणाला नकारच नाही. २०१२ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या ‘स्पॅनर’ या साठवणयंत्रणेत सगळा डेटाच पॅक्सोसमधून जातो हे मी मान्य करतो, पण तिथे अनेक नोंदी एकाच व्यवहारात बदलायच्या असतात. गाडीतला शेवटचा बर्थ दोघांनी एकाच वेळी मागितला तर तो एकालाच द्यावा लागतो. तिथे एकमत हवेच. त्या प्रवाशांचे नाव आणि पत्ता सांभाळून ठेवायला मात्र ते लागत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: बहुमताची अटसुद्धा जाचक आहे. जुलै २००० मध्ये एरिक ब्रूअर यांनी असे मांडले की जाळे दुभंगले असता सुसंगतता आणि सतत उपलब्धता ही दोन्ही वचने पाळता येत नाहीत. २००२ मध्ये सेठ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी ते सिद्ध केले. २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘डायनॅमो’ या आपल्या साठवणयंत्रणेची माहिती छापली तेव्हा त्यांनी उपलब्धतेची बाजू उघडपणे घेतली होती. गिऱ्हाइकाने टोपलीत वस्तू टाकली तर ती नोंदवली गेलीच पाहिजे, मग ठरलेले सर्व्हर भेटोत वा न भेटोत. भेटतील त्या सर्व्हरवर ती ठेवायची. तीन प्रती, दोघांकडून वाचन, दोघांकडे लेखन हा हिशोब वरवर तोच, पण सर्व्हर बदलले की छेदाची खात्री गेली. परिणामही त्यांनी प्रांजळपणे नोंदवला: दोन वेगळ्या टोपल्या एकत्र करताना गिऱ्हाइकाने काढून टाकलेली वस्तू पुन्हा टोपलीत दिसू शकते. विक्रेत्याला हे परवडते. रुग्णाच्या औषधांच्या यादीला परवडेल का, हे ठरवताना हात थरथरला पाहिजे. शिवाय ब्रूअर यांनी दाखवलेली मर्यादा एबीडीच्या निबंधात दहा वर्षे आधीच होती: निम्मे सर्व्हर जाऊ शकत असतील तर ही साठवण अशक्य, कारण दोन अर्धे एकमेकांच्या नकळत वेगवेगळे वागू शकतात. गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्धतेसाठी घेतलेली वस्तूही तीच, वाचता-लिहिता येणारी सामायिक नोंद. म्हणजे बहुमताची अट कुणाच्या हट्टापायी आलेली नाही. वचन पाळायचे तर तिला पर्याय नाही. यंत्रे कुठे ठेवायची यावरही या अटीचा परिणाम होतो. जून २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनचे मुंबईतले क्लाउड केंद्र सुरू झाले ते दोन स्वतंत्र विभागांसह. दोन जागांत पाच प्रती कशाही वाटा, एका जागी तीन येणारच आणि ती जागा पडली की बहुमत गेले. तिसरा विभाग नंतर आला आणि मगच, एक जागा गेली तरी बहुमत शिल्लक राहील, अशी मांडणी मुंबईच्या मुंबईत शक्य झाली.

उद्योगाची पावलेही हळूहळू परत वळली. डायनॅमोच्या कामात असलेले अविनाश लक्ष्मण आणि त्यांचे सहकारी प्रशांत मलिक यांनी फेसबुकमध्ये ‘कॅसांड्रा’ ही साठवणयंत्रणा बांधली आणि २००८ मध्ये ती सर्वांना खुली केली. तिच्यात बहुमताने वाचताना प्रती वेगळ्या आढळल्या, तर नवी प्रत मागे राहिलेल्यांवर लिहून झाल्यावरच वाचकाला उत्तर देण्याची सोय आहे. एकदा नवे दिसल्यावर पुन्हा जुने दिसू नये, हाच तिचा उद्देश. वाचणाऱ्याने लिहायचे ही १९९० ची युक्ती इथे रोजच्या वापरात आहे. अ‍ॅमेझॉनची ‘एस-३’ ही साठवण २००६ पासून चालू होती, आणि बदललेली फाइल लगेच वाचली तर जुनी मिळू शकते हे तिच्या वापरकर्त्यांनी गृहीतच धरले होते. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की आता जे लिहिले तेच लगेच वाचायला मिळेल. सुसंगततेवर पाणी सोडल्याशिवाय मोठा पसारा सांभाळताच येत नाही, हा समज त्यामुळे टिकण्यासारखा राहिला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. या सगळ्या सिद्धतांत यंत्र एक तर नीट चालते किंवा बंद पडते. खरी यंत्रे अशी वागत नाहीत. जिम ग्रे यांनी १९८५ मध्येच टँडेमच्या ग्राहकांकडचे बिघाड तपासले, तर सुमारे ४२ टक्के बिघाड देखभाल करणाऱ्या माणसांच्या हातून झालेले होते, २५ टक्के सॉफ्टवेअरमुळे आणि केवळ १८ टक्के यंत्रांमुळे. पाचही सर्व्हरवर तोच प्रोग्राम असेल तर त्यातली चूक पाचही जण एकदमच करतील. बहुमत तिथे काय करणार? जुलै २००८ मध्ये एस-३ कित्येक तास बंद पडली, ती कुठलेही यंत्र मेल्यामुळे नव्हे. सर्व्हर एकमेकांची खबर ज्या निरोपांतून देतात, त्यांतल्या काहींतला एकेक बिट उलटा झाला होता; निरोप वाचता येत होते, पण खोटे होते, आणि ती खोटी खबर तोंडोतोंडी सगळीकडे पसरली. गिऱ्हाइकांच्या डेटाला पडताळणीचा आकडा लावलेला होता, या अंतर्गत निरोपांना नव्हता.

या आक्षेपाचा मोठा भाग मान्यच करायला हवा. खोटे बोलणाऱ्या यंत्रांचा विचार फार आधी झाला होता. नासासाठी विमानातल्या संगणकांवर काम करताना मार्शल पीझ, रॉबर्ट शोस्टाक आणि लॅम्पोर्ट यांनी १९८० मध्येच दाखवले होते की सह्या-शिक्क्यांची सोय नसेल तर एका लबाडाला पचवायला एकूण चार यंत्रे लागतात, दोघांना सात. दालिया मल्खी आणि मायकेल रायटर यांनी १९९७ मध्ये तोच विचार साठवणुकीच्या बहुमतांना लावला: छेदात एकच यंत्र असून भागत नाही, कारण नेमके तेच खोटे असू शकते, छेद इतका मोठा हवा की त्यातही खऱ्यांची संख्या खोट्यांवर भारी पडेल. हे उपाय आहेत, पण माणसाच्या चुकीला आणि सर्वत्र सारख्याच असलेल्या प्रोग्रामला ते पुरे पडत नाहीत, आणि पुरे पडतात असे या शास्त्रज्ञांनी कधी म्हटलेही नाही. तरी ग्रे यांच्या आकड्यांतून सिद्धता निरुपयोगी ठरते असे मला वाटत नाही. यंत्रांचे बिघाड १८ टक्क्यांवर आले होते ते टँडेमने प्रत्येक गोष्टीची जोडी ठेवली म्हणूनच. आणि २००८ च्या प्रसंगात नेमके कुठले गृहीतक मोडले ते बोट ठेवून सांगता येते: निरोप उशिरा येईल, हरवेल, पण बदलणार नाही. गृहीतके लिहून ठेवलेली असली की मोडले कुठे हे शोधायला जागा मिळते.

राहिला एक प्रश्न, ज्यावर ही सगळी मांडणी कोसळू शकली असती. पाच सर्व्हर कायम तेच राहत नाहीत. जुने काढावे लागतात, नवे आणावे लागतात, आणि बहुमत कुणाचे मोजायचे हेच मग बदलते. सभासद कोण हे ठरवायला तरी एकमत लागणारच, असे दीर्घकाळ धरून चालले होते. पेटलने तेच केले होते, आणि लिंच व श्वार्ट्समन यांनी २००२ मध्ये ‘रॅम्बो’ ही बदलत्या सर्व्हरसंचावर चालणारी साठवण मांडली तेव्हा त्यांनीही नवा संच ठरवण्याचे काम पॅक्सोसवर सोपवले होते. एकमताला साठवणुकीच्या घरात असलेली ही शेवटची खोली होती. २००९ मध्ये मार्कोस आगिलेरा, इदित केदार, दालिया मल्खी आणि अलेक्झांडर श्रेअर यांनी तीही रिकामी केली. त्यांच्या पद्धतीत दोघांनी एकाच वेळी वेगवेगळे बदल सुचवले तर त्यांतला एक निवडण्याची सक्ती नाही. दोन्ही बदल नोंदवले जातात, वाचणारा-लिहिणारा दोन्ही वाटांवरच्या संचांना विचारत जातो, आणि त्या वाटा पुढे दोन्ही बदल सामावणाऱ्या एकाच संचात मिळतात. याची किंमत पडते: निरोपांच्या फेऱ्या वाढतात आणि पद्धत समजायला अवघड आहे. म्हणून आजही बहुतेक यंत्रणा सभासदांची यादी एकमतानेच ठरवतात. पण ती त्यांनी सोयीसाठी केलेली निवड आहे. त्याशिवाय साठवण चालणारच नाही असे म्हणायला २००९ नंतर आधार उरलेला नाही.